वजनाचं इंजेक्शन चालू आहे? शुगर सांभाळताना या चुका टाळा

इंजेक्शन सुरू होतं, भूक मंदावते, तीन पोळ्यांच्या जागी एक पुरते. सकाळची मधुमेहाची गोळी मात्र जुनीच, तेवढ्याच पॉवरची. शुगर नको तितकी खाली जाते ती बहुतेक वेळा यामुळेच.

२०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोव्ही ही वजन कमी करणारी इंजेक्शनं भारतात आल्यापासून अनेकांचा समज झालाय की हे इंजेक्शनच शुगर पाडतं. त्यांतली टिर्झेपटाइड (मौंजारो) आणि सेमाग्लुटाइड (वेगोव्ही) ही औषधं रक्तातली साखर वाढलेली असते तेव्हाच इन्सुलिन वाढवतात. त्यामुळे एकटी दिली तर शुगर फार खाली जाण्याची भीती कमी असते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या मधुमेहाच्या गोळ्यांचं तसं नाही. तुम्ही जेवा अगर न जेवा, त्या इन्सुलिन सोडायला लावतात. टोचून घ्यायच्या इन्सुलिनचंही तेच.

म्हणून पहिली चूक म्हणजे गोळ्यांच्या पाकिटामागची बारीक अक्षरं न वाचणं. आपल्याकडे एकाच गोळीत दोन-तीन औषधं असतात आणि 'मी फक्त मेटफॉर्मिन घेतो' म्हणणाऱ्याच्या गोळीत ग्लिमेपिराइडही निघतं. पहिल्या इंजेक्शनआधी सगळी पाकिटं डॉक्टरांसमोर ठेवा. गोळी कमी करायची की बंद, ते त्यांना ठरवू द्या. इन्सुलिन तर स्वतःच्या मनाने कधीच थांबवू नका. एकादशी किंवा नवरात्राचे उपास धरणार असाल, तर तेही आधीच सांगा.

दुसरी चूक: फक्त सकाळी उपाशीपोटी बघायचं आणि निर्धास्त व्हायचं. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाआधी, शिवाय झोपताना तपासा, विशेषतः इंजेक्शनचा डोस वाढल्यावर. औषध आठवडाभर अंगात असतं, त्यामुळे 'इंजेक्शन रविवारी झालं, आज गुरुवार आहे' या हिशेबाला अर्थ नाही. मधुमेह नाही आणि या गोळ्याही नाहीत, अशांनी रोज बोट टोचण्याची साधारणपणे गरज नसते.

आकडा विचित्र आला तर आधी हात बघा. आंबा कापून तसंच बोट टोचलं की मीटर आंब्याची साखर मोजतो. साबणाने हात धुऊन कोरडे करा, मगच टोचा. स्ट्रिपची डबी पावसाळ्यात उघडी राहिली तर दमट हवेने स्ट्रिप बिघडतात. आणि ११२ नंतर लगेच १२१ आले म्हणून घाबरू नका, घरच्या मीटरमध्ये एवढा फरक चालतो. दंडावर शुगर मोजणारा सेन्सर लावला असेल आणि त्याच कुशीवर झोपलात, तर दाबामुळे तो खोटा लो दाखवतो. अशा वेळी बोटातलं रक्त तपासून खात्री करा.

शुगर खरोखरच ७० च्या खाली गेली, दरदरून घाम, थरथर, धडधड सुरू झाली, तर पेढा किंवा चॉकलेट शोधू नका. तुपा-दुधातली साखर रक्तात उशिरा पोचते. ग्लुकोज पावडरचे तीन चहाचे चमचे पाण्यात घालून घ्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा, अजूनही कमी असेल तर परत घ्या. गोळीत व्होग्लिबोज असेल तर साधी साखर आणि गूळही लवकर काम करत नाहीत, कारण ते फोडणारं पचनच या औषधाने अडवलेलं असतं. अशांनी ग्लुकोज पावडरच जवळ ठेवावी, प्रवासातसुद्धा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

मधुमेह जुना असेल तर डोळ्यांचा पडदा इंजेक्शनआधी तपासून घ्या. शुगर झपाट्याने उतरली की आधीचा पडद्याचा आजार काही जणांत वाढतो.

एक चूक मात्र जिवावर बेतू शकते. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्याला इंजेक्शनने उलट्या सुरू झाल्या, पोटात अन्न-पाणी टिकेना, तर रक्तात आम्ल (किटोन) साचू शकतं आणि तेव्हा मीटरवर १६०–१८० असा साधाच आकडा दिसतो. उलट्या, पोटदुखी, जोरात श्वास, प्रचंड थकवा असेल तर आकडा बघत घरी थांबू नका. त्या दिवशी ही गोळी घ्यायची का, हे डॉक्टरांना फोनवर विचारा आणि श्वास लागला असेल तर थेट हॉस्पिटलमध्ये जाऊन रक्तातले किटोन तपासायला सांगा.