पणजोबा कशाने गेले, हे शोधायचं कसं

वंशावळ काढायला बसलं की नावं पटापट मिळतात, दोन रविवारात चार पिढ्या कागदावर येतात. अडतं ते पुढे. "ते कशाने गेले हो?" असं विचारलं की घरोघरी एकच उत्तर, "ताप आला नि गेले." मी पण तेच ऐकत मोठा झालो. आमच्या आजोबांचा एक काका बावीसाव्या वर्षी गेला, लग्न नाही, फोटो नाही, आणि कारण काय तर ताप.

माझं म्हणणं एवढंच की कचेरीत जायच्या आधी घरातला पितृपक्ष नीट बघा. तुमच्याकडे कुणाचं पान कोणत्या तिथीला पडतं ते आई-काकूंना विचारून लिहून काढा, कारण तिथीतच अर्धी गोष्ट असते. अविधवा नवमीला एखाद्या बाईचं पान असेल तर ती नवऱ्याच्या आधी गेली. द्वादशी म्हणजे कुणी संन्यास घेतलेला. सर्वपित्रीला तिथी माहीत नसलेले सगळेच येतात म्हणून तिच्यावरून फार काही कळत नाही, पण तिच्या आदल्या दिवसाची चतुर्दशी मात्र शस्त्राने, अपघाताने, अवचित गेलेल्यांची. साध्या मरणाने कुणी चतुर्दशीला गेला तरी त्याचं श्राद्ध त्या दिवशी घालत नाहीत, अमावास्येला ढकलतात. आमच्या घरी सर्वपित्रीला सगळ्यांचं होतं, पण आदल्या दिवशी एकच पान वेगळं वाढलं जातं, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी, दोन वडे, आणि ते कुणाचं हे मी पस्तीस वर्षांचा होईपर्यंत विचारलंच नव्हतं. त्या काकाचं. तापाने गेलेल्या माणसाचं पान चतुर्दशीला कशाला पडेल?

देवघरातही बघा. तरण्या गेलेल्या माणसाचा टाक, म्हणजे धातूच्या पत्र्यावर उठवलेली छोटी प्रतिमा, बऱ्याच घरात असतो. दुसरेपणाच्या बायकोच्या गळ्यात सवतीचा टाक असायचा, म्हणजे पहिली लवकर गेली, आणि त्या काळात लवकर म्हणजे बहुतेक वेळा बाळंतपणात. शेताच्या बांधावर पिंपळाखाली मुंजा असेल तर मुंज झालेला पण लग्न न झालेला मुलगा त्या घराण्यात गेलाय असं समजून पुढे चौकशी करा.

आणि शब्द. जुनी माणसं रोगाचं नाव घेत नाहीत. "पान लागलं" म्हणजे साप चावला. "गाठ आली" म्हणजे प्लेग. "देवी आल्या" माहीतच आहे सगळ्यांना. पटकी, वाखा, "मरीआईच्या फेऱ्यात गेले" हे सगळं कॉलरा. मुदतीचा ताप म्हणजे टायफॉइड, बाळंतरोग म्हणजे बाळंतपणानंतर खंगून किंवा ताप येऊन गेलेली बाई, आणि "मानमोडी" ऐकलं की थेट १९१८ चा इन्फ्लुएंझा. त्यामुळे म्हाताऱ्या माणसाशी बोलताना फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवा (विचारून हां), कारण तुम्ही वहीत "आजारी" लिहाल आणि त्यांनी नेमका शब्द सांगितलेला असेल.

आता तारीख. तिथी आणि शक मिळाला तर शकात ७८ मिळवा, इंग्रजी साल येतं. पौष ते फाल्गुनात गेलेले असतील तर जानेवारीनंतर ७९ मिळवावे लागतात, इथे भरपूर लोक एका वर्षाने चुकतात. मराठवाड्यात जुन्या कागदावर फसली साल (निजामाच्या राज्यातलं महसुली वर्ष) असतं, त्यात ५९० मिळवायचे, तेही एखाद वर्ष इकडेतिकडे धरून. तारीख आली की ती साथीच्या शेजारी ठेवून बघायची. मुंबईत प्लेग १८९६ ला आला, पुढच्या वर्षी पुण्यात, सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ ला प्लेगनेच गेल्या. आणि शके १८४० चा आश्विन म्हणजे ऑक्टोबर १९१८, मानमोडीचा कहर. एकाच घरातली तीन-चार माणसं त्या महिन्यात गेलेली दिसली तर दुसरं कारण शोधत बसायची फारशी गरज नाही. कोकणातल्या, गिरगाव-लालबागच्या घरात आषाढ अमावास्येची तिथी आणि सोबत "बोटीत गेले" असं ऐकू आलं तर १७ जुलै १९४७ ची रामदास बोट आधी तपासा, रेवसला निघालेली ती बोट बुडून सहाशेच्या वर माणसं गेली. मुंबईत गोदीजवळ राहणारं घर असेल तर १४ एप्रिल १९४४ चा स्फोट, पुण्यातलं असेल तर १२ जुलै १९६१ ला फुटलेलं पानशेत धरण. पण तारीख जुळली म्हणजे सिद्ध झालं नाही, कागद हवाच.

कागदात सगळ्यात सोपा फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात बदल झाल्याची सरकारी नोंद. जमीन असेल तर वारस नोंदीत "खातेदार अमुक तारखेस मयत" असं लिहिलेलं असतं आणि खाली वारस. बऱ्याच जिल्ह्यांचे जुने फेरफार आता स्कॅन होऊन ऑनलाइन आहेत, नाहीतर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये नकलेचा अर्ज द्यायचा. एक लक्षात ठेवा, फेरफार मंजूर झाल्याची तारीख ही मरणाची तारीख नव्हे, माणूस गेल्यावर आठ-दहा वर्षांनी नोंद लावलेली मी स्वतः पाहिलीय. कारण मात्र त्यात नसतं, ते असतं गावच्या जन्म-मृत्यू रजिस्टरमध्ये, गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुक म्हणून मागा. २०२३ नंतर कुणबी नोंदी शोधायला हीच रजिस्टरं सगळीकडे बाहेर काढली, स्कॅन केली, काही जिल्ह्यांनी वेबसाइटवर टाकली, त्यामुळे आता शोधणं आधीपेक्षा पुष्कळ सोपं झालंय. नावं वाचताना "बिन" म्हणजे अमक्याचा मुलगा आणि "कोम" म्हणजे अमक्याची बायको, "सखू कोम विठू" असं. आडनाव शोधत बसाल तर काहीच सापडणार नाही. मोडीत असेल तर मोडी वाचून देणारे लोक मिळतात, मराठवाड्यात उर्दू वाचणारा गाठावा लागतो.

कारणाच्या रकान्यात "ताप" दिसला तर हुरळून जाऊ नका. लिहिणारा डॉक्टर नव्हता. हिवताप, विषमज्वर, न्यूमोनिया, काहीही असो, अंग तापलं होतं ना मग ताप. पण पटकी, देवी, गाठ, सर्पदंश, बुडून असं काही लिहिलं असेल तर त्यावर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो.

हल्लीच्या मरणाचं उलटंच आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मृत्यूच्या दाखल्यावर कारण दाखवतच नाहीत, तेव्हा दाखल्यासाठी खेटे घालून ते मिळणार नाही. घरातली ट्रंक उघडा, हॉस्पिटलची कागदं, विम्याच्या क्लेमचे फॉर्म, पेन्शनची फाइल, त्यात सापडतं.

फौजेतला माणूस असेल तर सरळ कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हजच्या (दोन्ही महायुद्धांत गेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणारी संस्था) साइटवर नाव टाका. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला गेलेले मराठे, महार पुष्कळ होते, काही नोंदीत बापाचं नाव, गाव, जिल्हापण असतो. स्पेलिंग इंग्रज कारकुनाचं आहे हे धरून पाच-सहा तऱ्हांनी शोधा.

आता आमच्या काकाचं. जमिनीच्या सामायिक खात्यात त्याचं नाव होतं म्हणून फेरफार मिळाला, १९३४ साल, मयत, वारस भाऊ. त्या वर्षाचं रजिस्टर मागितलं तर आधी नाही म्हणाले, तिसऱ्या खेपेला एका कारकुनाने स्वतःहून कापडात बांधलेला गठ्ठा काढून दिला. पानाची खालची बाजू वाळवीने खाल्लेली, पण आमची ओळ शाबूत होती. बिन लावून पणजोबांच्या बापाचं नाव, वय २२, कारण "विहिरीत बुडोन". एवढंच. पडला का कुणी ढकलला का स्वतः गेला, हे रजिस्टर सांगत नाही, आणि पोलिसांचे इतके जुने कागद सहसा उरलेले नसतात.

असं काही हाती लागलं की लगेच फॅमिली ग्रुपवर फोटो टाकू नका. ज्यांनी ऐंशी वर्षं "ताप" म्हटलं त्यांना त्याचं कारण होतं. मी आधी एकट्या आत्याकडे गेलो, ती नव्वदीची, तिने हे सगळं तिच्या आजीकडून ऐकलेलं असणार असा माझा हिशोब. मोबाइलवर पानाचा फोटो दाखवला, वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग मोबाइल माझ्या हातात परत देत म्हणाली, "पोहायला चांगला होता म्हणे तो," आणि चहा टाकायला उठली.