धंदा सांभाळून गाणं कसं टिकवायचं (खास गोव्यातल्या दुकानदार मंडळींसाठी)

'वेळच मिळत नाही हो' हे मी फोंड्याच्या बाजारात इतक्या जणांकडून ऐकलंय, आणि गंमत म्हणजे हेच लोक दुपारी एकला शटर ओढून साडेतीनपर्यंत घोरत असतात. वेळ असतो. खरी अडचण अशी की पेटी पुढ्यात घेऊन सा लावला रे लावला की दुकानातून फोन येतो, 'पात्रांव (मालक), गिऱ्हाईक अजून दोन टक्के सोडा म्हणतंय, काय करू?' मग तुम्ही उत्तर देऊन परत सा लावता पण डोक्यात ते दोन टक्केच फिरत राहतात, आणि तो रियाज मग नुसता नावाला.

म्हणून गाण्याची तयारी दुकानापासून सुरू करायची. माझा टाइल्स आणि सॅनिटरीचा धंदा आहे, त्यात मालकाला येणारे बहुतेक फोन तीनच प्रकारचे असतात, डिस्काउंट किती, उधारी द्यायची का, आणि गाडी कधी येणार. या तिन्हीची उत्तरं आधीच ठरवून कागदावर लिहा आणि काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवा. अमुक टक्क्यांपर्यंत तुझा तू सोड, त्याच्या वर असेल तर गिऱ्हाइकाला सांग मालक दहाला येतात. उधारी या यादीतल्या लोकांनाच. कधीतरी तो पोरगा एक टक्का जास्त सोडेल, सोडू दे, ती तुमची गाण्याची फी समजा. हे केलं नाही तर पुढचं सगळं वाचून काही उपयोग नाही, कारण फोन फ्लाइट मोडवर टाकला तरी 'आत्ता तिकडे काय चाललं असेल' हा विचार काही फ्लाइट मोडवर जात नाही.

आता रियाज. पहाटेचाच ठेवा, गळ्यासाठी तरी. आमच्याकडे पोदेर (पाववाला) साडेसहाला भोंपू वाजवत येतो, त्याच्या आधीचा पाऊण तास माझा, भोंपू वाजला की बंद, मग कितीही रंग चढलेला असो. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं नुसता खर्ज, म्हणजे खालचे सूर, मधला सा, मग मंद्रातले नी, ध, प असं जमेल तेवढं खाली, प्रत्येक सूर एका श्वासात, घाई नाही. मग एकाच लयीत पलटे (ठरावीक क्रमानं फिरवलेले सूर), आणि उरलेल्या वेळात एकच राग. एकच! दर आठवड्याला नवीन राग घ्यायचा मोह आपल्यासारख्या हौशी माणसाला फार होतो, आज भैरव, उद्या तोडी, परवा यूट्यूबवर काहीतरी ऐकलं म्हणून ललत, असं करत कुठलाच राग गळ्यात बसत नाही. सकाळी गाताय तर भैरव घ्या आणि तीन-चार महिने त्याच्यातच राहा, तो कोमल रिषभ आंदोलन घेऊन नीट लागायलाच तेवढे दिवस जातात.

तानपुऱ्याचं ॲप चालतं, लाज वाटून घेऊ नका, पण मोबाईलच्या स्वतःच्या स्पीकरवर लावू नका. एवढ्याशा स्पीकरमधून खर्जाची तार नीट येतच नाही, नुसतं वरचं किणकिण ऐकू येतं आणि गळा त्याच्यामागे ओढला जातो. ब्लूटूथचा जरा बरा स्पीकर घ्या. आणि आठवड्यातून एकदा स्वतःचं रेकॉर्डिंग करून गाडीत ऐका, ऐकवत नाही तरी ऐका.

गळ्याचं आणखी एक, दुकानात ओरडणं कमी करा. गोडाऊनमधल्या पोरांना लांबून हाका मारणं, हमालांवर आवाज चढवणं, टाइल कटिंगची धूळ, या सगळ्यानं गळा बसतो तेवढा आईस्क्रीमनंही बसत नसेल. मी बेल लावून घेतली. मास्कही लावतो, लोक हसतात.

दुपारच्या सुट्टीत गाऊ नका, पोट भरलेलं असतं आणि शेजारी झोपलेले असतात, भांडणं होतील. तो वेळ बंदिश पाठ करायला, नोटेशन उतरवून घ्यायला, नाहीतर नुसतं ऐकायला. ऐकायला तर गाडीसारखी जागा नाही, फोंडा-मडगाव करताना बोरीच्या पुलावर अडकलात की शिव्या घालण्यापेक्षा गायिका केसरबाई केरकरांच्या जुन्या ७८ आरपीएमच्या रेकॉर्डी लावा. तीन-साडेतीन मिनिटांत ती बाई अख्खा राग उभा करते, आणि बाई तर आपल्या फोंडा तालुक्यातल्या केरी गावच्या. एकच रेकॉर्ड चार वेळा ऐका, दर खेपेला एकाच गोष्टीकडे लक्ष द्या, श्वास कुठे घेतला, सम कशी गाठली.

आता वर्षाचं कॅलेंडर. ११ आणि २० तारीख आधीच लाल करून ठेवा, ११ ला जीएसटीचं विक्रीचं रिटर्न जीएसटीआर-१ आणि २० ला कर भरायचं ३बी, दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांना हे सांगायला नको. त्यात ॲडव्हान्स टॅक्सच्या १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. या तारखांच्या आदल्या दोन दिवसांत तालीम, क्लास, बैठक काहीही कबूल करायचं नाही, कारण तुम्ही जाल पण लक्ष पोर्टलवर असेल. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देणार असाल तर वर्षातून दोन सत्रं असतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. बांधकामाशी संबंधित धंदा असेल तर एप्रिल-मे विसरा, पावसाच्या आधी घर पुरं करायची सगळ्यांना घाई असते, दुसरं सत्र घ्या. हॉटेलवाल्यांचं बरोबर उलटं, त्यांचा सीझन डिसेंबरात पेटलेला असतो. परीक्षेला नाकं मुरडणारे भेटतील, पण प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात पायऱ्या आहेत आणि आपण धंदेवाले तारीख दिल्याशिवाय हलत नाही.

पाऊस हा आमचा रियाजाचा सीझन. धंदा थंड, श्रावणात गावोगाव भजनं, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवसापासून वास्कोला दामोदराचा सप्ताह, चोवीस तास अखंड भजन. तिथून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे, भजन अखंड असलं तरी कुणी एकटा चोवीस तास गात नाही, पाळ्या वाटून घेतात. आपणही तसंच करावं, एकट्यानं चालवलेलं गाणं पहिल्याच मोठ्या ऑर्डरला बंद पडतं पण चार माणसांना गुरुवारी रात्री साडेआठची वेळ दिली असेल तर जावंच लागतं, तबलजी येऊन बसलेला असतो ना. गावात भजनी मंडळ असेल तर त्यात शिरा. मग चवथ (गणेश चतुर्थी) येते, घुमट आरत्या, ज्याला गाता येत नाही त्यानं घुमट (मातीचं तालवाद्य) नाहीतर कासाळें (झांजा) धरावं. आणि जत्रांच्या दिवसांत संगीत नाटक! गोव्यात गावच्या नाटकात दुकानदार, मास्तर, बँकवाले हेच तर गातात. फक्त दोन पदांची भूमिका मागून घ्या, मुख्य नायक होऊ नका, त्याला रोज तालमीला यावं लागतं.

एक गोष्ट मात्र कटाक्षानं पाळा. ज्या कार्यक्रमात गाणार त्याला जाहिरात द्यायची नाही. धंदेवाला गातोय म्हटल्यावर स्मरणिकेचं पुस्तक घेऊन माणसं येणारच, द्या की, पण दुसऱ्या कार्यक्रमाला द्या. एकदा तुम्ही प्रायोजक झालात की तुमचा निषाद उतरलाय हे कुणी तुम्हाला सांगणार नाही, हार घालतील, समईपाशी उभं करतील आणि घरी जाताना गाडीत हसतील. गुरूच्या बाबतीतही तेच, फी तीन महिन्यांची आगाऊ द्या आणि सांगा की मी दुकानदार आहे पण मला दुकानदार म्हणून सवलत नको. (सवलत हा शब्द आपल्या तोंडून निघाला की तेही हसतात.)

नोकरीधंदा करणाऱ्याचं गाणं कच्चंच राहतं असं कुणी म्हणालं तर गायक वसंतराव देशपांडे वर्षानुवर्षं मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरी करत होते एवढं सांगा आणि विषय बदला. त्यांची बरोबरी करायला जाऊ नका हे वेगळं सांगायला नकोच.

राहिलं वाद्यांचं. आपल्या हवेत दमटपणा इतका की जुलैत पेटीचं लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, भात्याला बुरशी धरते. उपाय म्हणजे रोज वाजवणं, आणि कपाटात सिलिका जेलच्या पुड्या, त्या महिन्याला बदलायच्या. तबल्याची पुडी (वरचं चामडं) ओल धरून उतरते, तेव्हा हातोडी घेऊन गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोकत बसू नका, हवा कोरडी झाली की तीच पुडी इतकी ताणते की फाटते. थोडा वेळ पंख्याखाली ठेवा, नाहीतर त्या दिवशी खालच्या पट्टीत गा. नवीन पेटी घ्यायची झाली तर पावसात घेऊच नका, दिवाळीनंतर घ्या, आणि घेताना बरोबर वाजवणारा माणूस न्या, कारण पॉलिश बघून माल घ्यायची आपली सवय टाइल्समध्ये चालते, पेटीत प्रत्येक सूर वेगळा दाबून, भाता न हलवता किती वेळ टिकतो ते बघावं लागतं.