जुना लोकरी शर्ट नेमका किती जुना? लेबल आणि शिवण कशी वाचावी

अमेरिकेतल्या थ्रिफ्ट स्टोअरमध्ये, म्हणजे वापरलेल्या वस्तूंच्या दुकानात, पेंडलटन किंवा वूलरिच या कंपन्यांचे चौकड्यांचे जाड लोकरी शर्ट बऱ्याचदा सापडतात. विकणारा बिनधास्त सांगतो, 'पन्नासच्या दशकातला आहे.' पेंडलटनने पुरुषांचे रंगीत लोकरी शर्ट १९२४ पासून विकायला घेतले, त्यामुळे नुसत्या नावावरून काहीच ठरत नाही. लेबलवर स्थापनेचं साल छापलेलं असेल तर त्याकडेही दुर्लक्ष करा. ते कंपनीचं वय आहे, शर्टाचं नाही.

सुरुवातीलाच एक नियम पक्का करा: बहुतेक खुणा फक्त 'याच्या आधीचा नाही' एवढंच सांगतात. त्यामुळे शर्टावर सापडलेली सगळ्यात अलीकडची खूण निर्णायक.

१. लोकरीचं प्रमाण वाचा. लोकरी कपड्यांवर धाग्यांचं प्रमाण लिहिण्याची सक्ती अमेरिकेत १९४१ पासून आहे. 'रीप्रोसेस्ड वूल' किंवा 'रीयूज्ड वूल' असे शब्द दिसले तर चांगलाच धागा हाती लागला. ते याच कायद्यातले शब्द, आणि १९८० मध्ये त्या दोहोंच्या जागी 'रीसायकल्ड वूल' आला. लोकरीत नायलॉन मिसळलेलं असेल तर शर्ट बहुधा महायुद्धानंतरचा.

२. नोंदणी क्रमांक शोधा. डब्ल्यूपीएल (WPL, 'वूल प्रॉडक्ट्स लेबलिंग') हे क्रमांक १९४१ ते १९५९ या काळात लोकरीचा माल बनवणाऱ्यांना दिले गेले. १९५९ पासून त्यांची जागा आरएन (RN, 'रजिस्टर्ड नंबर') क्रमांकांनी घेतली, तेही १३६७० पासून पुढे. बरेच जण इथेच फसतात. क्रमांक कंपनीचा असतो, शर्टाचा नाही. १९४५ मध्ये मिळालेला डब्ल्यूपीएल कंपनी आजही छापू शकते. इंटरनेटवर आरएनवरून साल काढायचं एक गणिती सूत्र फिरतं. त्याने फार तर नोंदणीच्या सालाचा अंदाज येतो, शर्टाच्या नाही. त्यापेक्षा अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या मोफत यादीत तो क्रमांक कोणाचा आहे ते पाहा.

३. वूलमार्क पाहा. लोकरीच्या गुंड्यासारखं, काळ्या पट्ट्यांचं ते चिन्ह १९६४ मध्ये आलं. ते छापलेलं असेल तर 'पन्नासचं दशक' तिथेच संपलं.

४. धुण्याच्या सूचना. कपड्यावर कायमची सूचना शिवणं १९७२ च्या जुलैपासून सक्तीचं झालं. नुसती चिन्हं, शब्द नाहीत, असं असेल तर शर्ट १९९७ नंतरचा असण्याची शक्यता मोठी. सूचना नसणं मात्र कच्चा पुरावा. टोचतं म्हणून लोक लेबल कापून टाकतात. मानेपाशी आणि आतल्या बाजूच्या शिवणीत कापलेले तुकडे किंवा दोऱ्याची भोकं आहेत का, बोटांनी चाचपून बघा.

५. आता शिवण. लेबल गेलं असेल तर हाच आधार, पण इथे दशकाच्या पुढे जाऊ नका. बाजूची शिवण जिथे खाली संपते तिथे छोटी तिकोनी कळी जोडलेली असेल, तर ती जुन्या कामकरी शर्टांची सवय आहे. लांब टोकांची रुंद कॉलर सत्तरच्या दशकाकडे बोट दाखवते, पण चाळीसच्या दशकातही लांब टोकं होतीच, म्हणून एकट्या कॉलरवर विसंबू नका. वरच्या बटणाला काजाऐवजी दोऱ्याचा फास असेल तर तो मध्यशतकातल्या स्पोर्ट शर्टांवर खूप दिसतो; मात्र जुन्या धाटणीच्या नव्या शर्टांवरही तो येतो.

बटणं शेवटी पाहा. ती सगळ्यात सहज बदलली जातात. सगळी एकसारखी आहेत का, आणि बटणाचा दोरा काजाच्या दोऱ्याशी जुळतो का, एवढं पुरे. लेबलचंही तसंच: त्याच्या कडेची टीप नवी दिसली किंवा जवळच जुनी भोकं असली, तर ते दुसऱ्या शर्टावरून आलेलं असू शकतं.

समजा, शर्टावर वूलमार्क आहे, आरएन आहे आणि धुण्याची सूचना कधी शिवलेलीच नव्हती. मग वहीत '१९६४ ते १९७२' लिहा. याहून नेमकं साल कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याच्याकडे खरेदीची जुनी पावती मागा.