पिल्लू कुठल्या अंड्याचं? हॅचरीचं रजिस्टर मी असं ठेवते

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. अकोले तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा फोन आला. "ताई, या वेळच्या पिल्लात दमच नाही. चार दिवसांत दोनशे गेली." मी तेव्हा दुसऱ्या एका हॅचरीत, म्हणजे अंडी उबवून पिल्लं काढायच्या केंद्रात, होते. रजिस्टर उघडलं. त्या दिवशी दोन वेगवेगळ्या फ्लॉकची, म्हणजे कोंबड्यांच्या कळपांची, अंडी एकाच हॅचरमधून (पिल्लं बाहेर पडतात ते मशीन) निघाली होती, आणि कुठली ट्रॉली कुणाच्या शेडला गेली याची ओळसुद्धा कुणी लिहिली नव्हती. त्याला काय सांगणार? "बघते भाऊ" म्हणून फोन ठेवला. बघायला हातात काहीच नव्हतं.

तेव्हापासून माझा नियम आहे की अंडं गेटमधून आत आलं की त्याला नंबर पडला पाहिजे, आणि पिल्लू शेडमध्ये सात दिवसांचं होईपर्यंत तो नंबर सुटता कामा नये. आमच्याकडे कामाला लागणाऱ्या नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी मशीन दाखवत नाही, रजिस्टर दाखवते. इथे एकच लॉट, म्हणजे एका वेळी लावलेल्या अंड्यांचा गट, घेऊन सांगते, म्हणजे डोक्यात बसेल.

लॉट नंबर ग-३४-२२०५. 'ग' म्हणजे ब्रीडर फार्मवरचा (उबवायची अंडी तिथूनच येतात) फ्लॉक, ३४ म्हणजे कोंबड्यांचं वय आठवड्यांत, आणि २२०५ म्हणजे २२ मे २०२५ ला अंडी सेटरमध्ये, म्हणजे पहिले अठरा दिवस उबवायच्या मशीनमध्ये, लावली. वय नंबरातच घालायचं. तरुण फ्लॉकचं अंडं लहान, त्याचं पिल्लूही लहान. २८ आठवड्यांच्या आणि ५५ आठवड्यांच्या फ्लॉकची पिल्लं एका शेडमध्ये टाकली की लहान पिल्लू खाद्यापाण्यावर मागे पडतं आणि बॅच शेवटपर्यंत एकसारखी होत नाही. नंबर वाचूनच गाडी भरणाऱ्याला हे कळलं पाहिजे.

२२ मेच का? गटारीमुळे. २०२५ मध्ये दीप अमावस्या २४ जुलैला होती आणि २५ ला श्रावण लागला. म्हणजे त्याआधीच्या रविवारी, २० जुलैला, माल बाजारात हवा. ३८ दिवसांचा पक्षी धरला तर पिल्लं १२ जूनला शेडमध्ये पडली पाहिजेत, आणि त्याच्या २१ दिवस आधी अंडी मशीनला. श्रावणात पडणारा पक्षी कुणाला नको असतो, त्यामुळे हा हिशोब बोटांवर करणाऱ्यांची दरवर्षी फजिती होते. कॅलेंडर समोर ठेवून उलटं मोजा. २१ दिवस म्हणजे बरोबर तीन आठवडे, तेव्हा ज्या वारी अंडी लावाल त्याच वारी पिल्लू. गुरुवारी लावलं, अठराव्या दिवशी सोमवारी हॅचरमध्ये ट्रान्सफर, गुरुवारी पिल्लं गाडीत. वार चुकला की समजायचं तारीख चुकली.

अमेरिकेचं कृषी खातं दर आठवड्याला किती अंडी लावली आणि किती पिल्लं शेडमध्ये टाकली हे आकडे जाहीर करतं. त्यावरून दोन महिन्यांनी बाजारात किती कोंबडी येणार याचा अंदाज व्यापारी बांधतात. आपण आपल्या रजिस्टरवरून तेच करायचं, फक्त आपल्यापुरतं.

आता अंडी. या लॉटला ८४ अंड्यांचे १५० ट्रे लागले, म्हणजे १२,६००. लावण्याआधी अंडी किती दिवस कोल्डरूममध्ये होती तेही लिहा. सात दिवसांपर्यंत फारसं बिघडत नाही, पुढे प्रत्येक दिवसाला उगवण घटते आणि पिल्लू साधारण तासभर उशिरा निघतं. तीन ट्रेवर रंगीत चिकटपट्टी लावून त्यांचं वजन करा, रिकाम्या ट्रेचं वजन वजा करून. माझ्या एका ट्रेची अंडी ५,२०८ ग्रॅम भरली, म्हणजे एक अंडं ६२ ग्रॅम. ट्रान्सफरच्या दिवशी तोच ट्रे ४,६१० ग्रॅम. घट साडेअकरा टक्के. ११ ते १३ टक्क्यांत असली की सेटरमधली आर्द्रता बरोबर होती. कमी घटली तर पिल्लू फुगीर आणि ओलसर निघतं, जास्त घटली तर सुकलेलं. मशीनवरचा आकडा खोटं बोलू शकतो, वजनकाटा सहसा बोलत नाही.

लाईट गेली तर किती वाजता गेली, जनरेटर किती मिनिटांनी लागला, पंखा बंद होता का, हे त्या त्या लॉटसमोर लिहा. मे अखेरीच्या वादळी पावसात आमची लाईट दोनदा गेली. एकदा चार मिनिटं, एकदा अकरा. अकरावर मी लाल पेनने गोल केला होता.

दहाव्या दिवशी कँडलिंग, म्हणजे अंडं दिव्यासमोर धरून आत बघायचं. सगळी अंडी बघायला वेळ कुणाला असतो? चार ट्रे बघा, ३३६ अंडी. माझ्या ३३६ मध्ये ३० क्लिअर, म्हणजे आरपार मोकळी, दिसली. इथे बहुतेक जण थांबतात आणि "३० वांझ" असं लिहून मोकळे होतात. ते चूक आहे. ती ३० फोडा. माझ्या ३० पैकी २७ खरी वांझ होती, तिघांत रक्ताचं कडं होतं, म्हणजे जीव धरला होता आणि पहिल्या काही दिवसांत मेला. वांझ हा ब्रीडर फार्मच्या नरांचा प्रश्न. रक्ताचं कडं हा साठवणुकीचा, वाहतुकीचा किंवा सेटरच्या सुरुवातीच्या तापमानाचा. दोन्ही एका खान्यात टाकले तर भलत्याच माणसाशी भांडण होतं.

ट्रान्सफरच्या वेळीच लॉट मिसळतात, तेव्हा त्या दिवशी मी स्वतः उभी राहते. प्रत्येक ट्रॉलीला खडूने नंबर, हॅचरच्या दारावरही नंबर. दोन लॉट एकाच हॅचरमध्ये घालावेच लागले तर मधे एक रिकामी रांग.

१२ जूनला सकाळी मोजणी झाली. चांगली पिल्लं १०,४५८. लंगडी, बेंबी न मिटलेली, चोच वाकडी अशी १२६. न उगवलेली अंडी २,०१६. बेरीज १२,६०० आली पाहिजे. एकाचाही फरक निघाला तर कुणी जागचं हलायचं नाही, पुन्हा मोजायचं. लावलेल्या अंड्यांवर उगवण ८३ टक्के. वांझ ८ टक्के, म्हणजे साधारण १,००८, वजा करून फलित अंड्यांवर काढली तर ९० टक्के. हे दोन आकडे वेगळे लिहा. पहिला मालकाला हवा असतो, दुसरा मशीनची खरी तब्येत सांगतो.

शंभर पिल्लांचं वजनही त्याच वेळी. सरासरी ४१.५ ग्रॅम आलं, ६२ ग्रॅमच्या अंड्याच्या ६७ टक्के. साधारण हेच हवं. ६५ च्या खाली गेलं तर पिल्लं लवकर निघून हॅचरमध्ये ताटकळत सुकली असं समजा.

न उगवलेली अंडी चार ट्रेची तरी फोडून बघायची. वास येतो, मुलं नाक दाबतात, पण शिकायचं असेल तर तिथेच. पूर्ण वाढून कवच न फोडता मेलेली जास्त असली तर हॅचरचं तापमान आणि आर्द्रता तपासायची, अंडी फिरवणारी यंत्रणाही.

आता गाडी. आमच्याकडे डब्यात १०० पिल्लं आणि वर २ जादा. १०,४५८ पिल्लांचे १०२ डबे झाले, ५४ उरली. ती उरलेली कुठे गेली तेही लिहायचं, नाहीतर महिनाअखेरीला हिशोब जुळत नाही आणि संशय ड्रायव्हरवर जातो. ६० डबे पहिल्या शेडला, ४२ दुसऱ्याला. चलनावर लॉट नंबर, गाडी सुटल्याची वेळ आणि शेडवर पोचल्याची वेळ. पोचल्याची वेळ ड्रायव्हरने नाही, शेतकऱ्याने लिहायची. त्याच्यासमोर पाच डबे मोजून द्या आणि डब्यातच मेलेली वेगळी लिहा.

शेतकऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी एकच काम सांगते. "भाऊ, शंभर पिल्लं हातात घ्या आणि गळ्याखालची खाद्याची पिशवी चाचपा." चोवीस तासांनी शंभरातल्या पंचाण्णवांची पिशवी भरलेली, मऊ लागली पाहिजे. घट्ट लागली तर खाद्य मिळालं पण पाणी नाही. हा आकडा मी फोनवर विचारून घेते आणि लॉटसमोर लिहिते.

सातव्या दिवशी दोन आकडे, मरतूक आणि वजन. पहिल्या शेडमध्ये ६,१२० पैकी ५२ गेली, एक टक्क्याच्या आत. वजन १७८ ग्रॅम, म्हणजे पहिल्या दिवसाच्या चौपटीहून जास्त. दुसऱ्या शेडमध्ये ४,२८४ पैकी १२९, तीन टक्के, वजन १५१. लॉट एकच, गाडी एकच, दिवस एकच. दोन्हीकडे मरतूक वाढली असती तर मी आधी आमचा हॅचर तपासला असता, अकरा मिनिटांचा तो लाल गोलही पुन्हा बघितला असता. एकीकडेच वाढली, तेव्हा शेडकडे बघायचं.

आणि दिवसवार बघायचं. दुसऱ्या शेडची पहिल्या तीन दिवसांत २१ गेली होती, चौथ्या-पाचव्या दिवशी ८९. बेंबीचा संसर्ग असता तर सुरुवातीपासूनच मर लागली असती. पोटातला बलक तीन-चार दिवस पुरतो. ज्या पिल्लाला पाणी किंवा खाद्य सापडलेलंच नाही, ते बलक संपला की चौथ्या-पाचव्या दिवशी जातं.

पाचव्या दिवशी संध्याकाळीच मी फोन केला होता. "भाऊ, पाण्याच्या निपलच्या लाईनी पिल्लाच्या डोळ्याच्या उंचीला आहेत ना? एकेक निपल दाबून बघा." तो जरा चिडला, दिवसभर शेडमध्येच होता बिचारा. दहा मिनिटांनी त्याचाच फोन आला. "ताई, भिंतीकडच्या लाईनीत पाणीच चढलेलं नाही. हवा धरली होती."

सहाव्या आणि सातव्या दिवशी मिळून १९ गेली.