हृदयविकाराच्या झटक्यात गुठळी ओढून काढताना या चुका टाळा

तातडीच्या अँजिओप्लास्टीत हृदयधमनीतील रक्ताची गुठळी कॅथेटरने, म्हणजे बारीक नळीने, ओढून घेतली की रक्तप्रवाह मोकळा होईल, हा विचार पटण्यासारखा आहे. म्हणूनच अनेक कॅथलॅबमध्ये (हृदयधमन्यांची तपासणी व उपचार होतात त्या कक्षांत) हा उपाय सरसकट होऊ लागला होता. पहिली चूक हीच. २००८ मध्ये नेदरलँड्समधील टापास चाचणीने आशा वाढवली होती, परंतु २०१३ च्या ‘टेस्ट’ (TASTE) आणि २०१५ च्या ‘टोटल’ (TOTAL) या कितीतरी मोठ्या चाचण्यांत सरसकट वापराने मृत्यू कमी झाले नाहीत. टोटलमध्ये १० हजारांहून अधिक रुग्ण होते आणि पहिल्या ३० दिवसांत पक्षाघाताचे प्रमाण गुठळी ओढलेल्या गटात ०.७ टक्के, तर केवळ अँजिओप्लास्टी झालेल्या गटात ०.३ टक्के आढळले. त्यामुळे गुठळी मोठी असेल आणि धमनीत फुगा फुगवूनही प्रवाह सुरू होत नसेल, अशा निवडक प्रसंगीच हा मार्ग विचारात घ्यावा.

गुठळीपर्यंत पोहोचताना सर्वांचेच लक्ष पडद्यावर खिळलेले असते. खरा धोका मात्र परतीच्या वाटेवर असतो. कॅथेटरच्या टोकाला अडकलेला तुकडा गाईड कॅथेटरच्या (ज्या जाड नळीतून हा कॅथेटर आत नेला जातो तिच्या) तोंडाशी निसटला, तर तो महाधमनीत आणि तिथून मेंदूकडे जाऊ शकतो, किंवा डाव्या मुख्य धमनीतून आतापर्यंत निरोगी असलेल्या दुसऱ्या शाखेत शिरू शकतो. म्हणून कॅथेटर शरीराबाहेर येईपर्यंत सिरिंजचे शोषण क्षणभरही थांबवू नये आणि गाईड कॅथेटरचे तोंड धमनीत नीट बसलेले ठेवावे. शोषणाची सुरुवातही गुठळीच्या अलीकडूनच करावी, कारण आधी कॅथेटर पलीकडे नेऊन मग ओढू लागल्यास तुकडे खालच्या बारीक वाहिन्यांत ढकलले जातात.

सिरिंजमध्ये रक्त येणे अचानक थांबले की गोंधळ उडतो. अशा वेळी टोकाशी गुठळी अडकलेली असण्याची शक्यता गृहीत धरावी आणि आतल्या आत सलाईन सोडून कॅथेटर मोकळा करण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. शोषण चालू ठेवून तो पूर्ण बाहेर काढावा, टेबलावर धुऊन तपासावा आणि गरज असेल तरच पुन्हा आत न्यावा. बाहेर काढताना गाईडवायरही (कॅथेटरला वाट दाखवणारी बारीक तारही) सोबत सरकत नाही ना, याकडे सहाय्यकाने लक्ष ठेवावे.

यानंतर घाईघाईने डाय (धमन्या एक्स-रेवर दिसाव्यात म्हणून देतात ते द्रव्य) सोडणे ही सर्वांत घातक चूक ठरू शकते. गाईड कॅथेटरमध्ये तुकडा किंवा हवेचा बुडबुडा राहिला असेल, तर तोच धमनीत फेकला जातो. आधी गाईडमधून मोकळे रक्त परत येऊ द्यावे, ते सिरिंजने ओढून घ्यावे आणि मगच डाय द्यावा. हेपारिनचा (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा) परिणाम पुरेसा आहे की नाही, हे एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) मोजून पाहावे. तो अपुरा असल्यास कॅथेटरमध्येच नवी गुठळी धरते.

प्रक्रिया संपल्यावर रुग्णाचे बोलणे अडखळू लागले, तोंड वाकडे झाले किंवा एका हातातली ताकद गेली, तर झोपेच्या औषधाचा परिणाम म्हणून वाट पाहत बसू नये. मेंदूविकारतज्ज्ञांना तत्काळ बोलवावे, डोक्याचा सीटी स्कॅन करावा आणि रुग्ण शेवटचा व्यवस्थित कधी दिसला ती वेळ नोंदवावी, कारण पुढील उपचारांचा निर्णय बऱ्याच अंशी त्या नोंदीवर घेतला जातो.