खाडीचा गाळ काढताय? निदान या चुका तरी टाळा

दरवर्षी थंडी संपता संपता प्रोजेक्टवाली पोरं पाइप घेऊन ठाणे खाडीत उतरतात आणि मार्चमध्ये तोंड पाडून माझ्या टेबलाशी येतात, "मॅडम, पाऱ्याचं रीडिंग काहीच्या काही येतंय." मशीन बिचारं क्वचितच चुकतं हो, घोळ गाळ लॅबमध्ये यायच्या आधीच झालेला असतो.

पहिला घोळ म्हणजे कोअर, म्हणजे पाइप खुपसून थरांसकट काढलेला गाळाचा दांडा, आडवा करणं. खाडीत गाळ थरावर थर बसत जातो, वर आत्ताचा, खाली ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने यायच्या आधीचा, आणि अगदी वरचा थर तर ताकासारखा पातळ, त्यात गाळापेक्षा पाणीच जास्त. मागे दोघांनी ऐरोलीला ओहोटी साधून गुडघाभर चिखलात उभं राहून असला झकास कोअर काढला की मलाही जमला नसता. मग केली रिक्षा, आणि पाइप उभा मावेना म्हणून दोघांच्या मांडीवर आडवा. विटाव्यापर्यंत खड्डे, वासाने रिक्षावाला कावलेला, ही पोरं मात्र खुश. कापून बघितलं तर वरच्या दहा सेंटीमीटरला सगळीकडे जवळपास एकच आकडा, आणि रिपोर्टात वाक्य काय, "अलीकडच्या काळात प्रदूषण स्थिर आहे". स्थिर कसलं, घुसळलंत तुम्ही! मी काय करते, फुलवाल्याकडे बुके खोचायला तो हिरवा स्पंज मिळतो ना, त्याची चकती कापून गाळाच्या वर हळूच बसवते आणि पाइप उभाच आणते, त्यासाठी टेम्पो करावा लागला तरी चालेल. कोअर कापताना गाळाच्या प्रत्येक चकतीची बाहेरची कड टाकून द्या, पाइप आत घुसताना वरचा गाळ भिंतीला लागून खाली ओढला जातो.

दुसरा घोळ ओव्हनचा, आणि हा मी पण केलाय. माती १०५ अंशांवर रात्रभर सुकवायची असं आपल्याला पाठ असतं, पण पारा हा उडणारा धातू आहे, तापवलं की त्यातला काही निघून जातो आणि किती गेला ते नंतर कळायला मार्ग नाही. माझा अख्खा एक कोअर असा गेला, फ्रीजमध्ये थोडा ओला गाळ उरला होता म्हणून चूक कळली तरी. तेव्हापासून ४० अंशांच्या वर जात नाही, फ्रीज ड्रायर (गोठवून सुकवणारं मशीन) रिकामा असेल तर उत्तमच. ओलावा काढायला वेगळा तुकडा घ्या, तो खुशाल १०५ ला भाजा. दिवस जास्त लागतात, हो लागतात, घाई होती तर दुसरा विषय घ्यायचा.

तिसरा घोळ, गाळात सांडपाणी किती आलं ते बघायला सगळे ई. कोलाय, म्हणजे आतड्यातले जिवाणू, मोजतात. अरे, खाली ४० सेंटीमीटरवर जुने ई. कोलाय तुमची वाट बघत जिवंत बसणार आहेत का? मग निष्कर्ष निघतो, पूर्वी खाडी स्वच्छ होती. जुन्या मैल्याची खूण हवी तर कोप्रोस्टॅनॉल बघा, आपल्या आतड्यातले जिवाणू कोलेस्टेरॉलपासून ते बनवतात आणि हवा न लागणाऱ्या गाळात ते बरंच टिकतं. जिवाणूच मोजायचे असतील तर क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स, त्याचे बीजाणू चिवट असतात.

काळा गाळ दिसला की "पारा!" म्हणून ओरडू नका, तो काळा रंग बहुतेक लोखंडाच्या सल्फाइडचा, हवेत ठेवला की तपकिरी होतो. वाळूचा नमुना आणि चिखलाचा नमुना शेजारी ठेवून तुलना करू नका, पारा बारीक कणांना चिकटतो, ६३ मायक्रॉनच्या नायलॉन चाळणीतून गाळून मगच बोला. पीपीएम (दहा लाखांत किती भाग) की पीपीबी (अब्जात किती), ओल्या वजनावर की सुक्या, हे आकड्याशेजारी लिहा. तिवरांत खेकड्यांची बिळं असतील तिथे कोअर नको, त्यांनी थर आधीच उकरलेले असतात. मासुंदा, उपवन असल्या तलावांत जायच्या आधी तिथे गाळ कधी उपसला होता का ते विचारा, नाहीतर वीस-तीस वर्षं मधूनच गायब आणि तुम्ही शिसं-२१० (थरांचं वय काढायला वापरतात ते किरणोत्सारी शिसं) लावून तारखा काढत बसाल.

आणि लेबल! मार्करने लिहिलेलं लॅबमधल्या ॲसिटोनने पुसलं जातं. पेन्सिलने चिठ्ठी लिहून दोन पिशव्यांच्या मध्ये घाला. माझ्या फ्रीजमध्ये अठरा कोऱ्या पिशव्या पडून आहेत, कुणाच्या आणि कुठल्या थराच्या ते त्या गाळालाच ठाऊक.