लडिंग्टनला तंबू ठोकायचा तर

मिशिगनमधलं लडिंग्टन स्टेट पार्क मला फार प्रिय. एका बाजूला लेक मिशिगन, दुसरीकडे हॅम्लिन लेक. आरक्षण सहा महिने आधी उघडतं. उन्हाळ्यातला शनिवार-रविवार हवा असेल तर त्याच सकाळी लॉगिन करून बसा. गाडीला रिक्रिएशन पासपोर्टही, म्हणजे राज्याच्या उद्यानांचा प्रवेश-पास, लागतो.

इथली जमीन वाळूची, साध्या खुंट्या उपटून येतात. पहिल्या वर्षी मध्यरात्री वारा सुटला आणि तंबूचा कोपरा माझ्या तोंडावर आला. आता मी वीतभर लांबीची जाड काठी घेते, तिच्या मध्यावर दोरी बांधते, फूटभर खोल आडवी पुरते आणि वर वाळू पायाने घट्ट दाबते. हलत नाही! वारा बहुधा पश्चिमेकडून, तलावावरूनच येतो, म्हणून दार पूर्वेला ठेवा.

घरून लाकडं मात्र कृपा करून आणू नका. अ‍ॅश झाडं पोखरणारा हिरवा किडा 2002 मध्ये याच राज्यात सापडला, आणि सरपणातूनही तो दूरदूर पसरला. जळण तिथेच जवळपास घ्या.

रात्री खाण्याचं सगळं गाडीत, काचा बंद. रकून नावाचे रात्री फिरणारे जंगली प्राणी कूलरचं, म्हणजे खाण्याच्या बर्फपेटीचं, झाकण सहज उघडतात.